मगदूम सरांच्या नावावरची धमनी

प्रोब टेकवल्यावर तिसऱ्या सेकंदाला मला कळलं की ही धमनी ती नव्हे.

मी हात उचलला, जेल पुन्हा लावलं आणि गळ्याच्या हाडापासून परत सुरुवात केली. डावी बाजू. धमनी सरळ वर गेली, जबड्याखाली तिला दोन फाटे फुटले आणि आतला फाटा काठीसारखा ताठ डोक्याकडे निघून गेला. भिंती थोड्या जाड होत्या, साठीनंतर असतात तेवढ्या. अडथळा कुठेही नव्हता.

"झालं का ओ डॉक्टर?" टेबलावरून मगदूम सरांनी विचारलं.

"बोलू नका, सर. चित्र हलतं."

"मी आपलं विचारलं."

"तेही नका विचारू."

चार दिवसांपूर्वी, गुरुवारी, याच टेबलावर याच नावाच्या माणसाच्या मानेत मला ऐंशी टक्के बुजलेली धमनी सापडली होती. हिंदुराव बापू मगदूम, वय सहासष्ट, निवृत्त मुख्याध्यापक. रिपोर्टवर खाली माझी सही होती.

ही गोष्ट अठरा वर्षांपूर्वीची. मी एकोणतीस वर्षांची होते आणि गडहिंग्लजच्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात सोनोग्राफी करायला लागून मला आठ महिने झाले होते. मी मूळची नाशिकची. गावात माझी ओळख फारशी नव्हती आणि खरं सांगायचं तर मी ती करूनही घेतली नव्हती. माझी खोली दिवसभर अंधारी असे. माणसं यायची, आडवी व्हायची, मी पडद्याकडे बघायची. गुरुवारी निवृत्त शिक्षकांसाठी मोफत तपासणी शिबिर होतं. सकाळपासून एक्केचाळीस माना बघितल्या. सोनोग्राफीच्या मशीननेच मानेतल्या धमन्या बघतात, रक्ताचा वेग मोजतात. वाट जिथे अरुंद झालेली असते तिथे रक्त जोरात धावतं, आणि त्या वेगावरून धमनी किती बुजली आहे ते काढता येतं. तिथला एखादा कण सुटून मेंदूत गेला की माणूस बसल्या जागी लुळा पडतो, किंवा त्याची वाचा जाते.

गुरुवारच्या त्या धमनीत वेग सेकंदाला तीनशे दहा सेंटिमीटर होता. तो आकडा मी तीनदा घेतला होता.

मी मशीनमध्ये साठवलेलं गुरुवारचं चित्र काढलं आणि आत्ताच्या चित्राशेजारी ठेवलं. गुरुवारच्या धमनीला अडथळ्याच्या जरा वर एक पूर्ण वेढा होता. जिलबीचा पहिला फेरा घालून हलवायाने हात थांबवावा, तसा. समोरच्या धमनीला वेढा सोडा, वाकसुद्धा नव्हता.

दार ढकलून मगदूम सरांच्या पत्नी, मालूताई, आत आल्या. हातात कापडी पिशवी.

"काय निघालं?"

"अडथळा दिसत नाही," मी म्हटलं.

मालूताई खुर्चीवर बसल्या. पदर डोळ्यांना लावला. त्यांचे सासरे आणि थोरले दीर दोघंही लकव्याने गेले होते. म्हणून तर नवऱ्याला त्यांनी शिबिराला ओढत आणलं होतं. "लसूण," त्या म्हणाल्या. "गावठी लसूण. रोज अनशापोटी सात पाकळ्या. रिपोर्ट आला त्याच दिवशी सुरू केला."

"चार दिवसांत असं होत नाही," मी म्हटलं.

"झालंय की ओ," मगदूम सर म्हणाले. ते छताकडे बघत होते. माणूस बरा झाल्याचं कळल्यावर चेहऱ्यावर काहीतरी यावं लागतं. त्यांच्या चेहऱ्यावर परीक्षेच्या हॉलमधल्या पर्यवेक्षकाइतकंच होतं.

मी मालूताईंना जुने कागद आणायला बाहेरच्या टेबलाकडे पाठवलं आणि दार लावलं.

"सर, गुरुवारी इथे तुम्ही झोपला नव्हतात."

ते उठून बसले. रुमाल काढून सावकाश मान पुसली. "पुरावा?"

"म्हणजे?"

"मी एकवीस वर्षं दहावीचा केंद्रप्रमुख होतो. नऊ डमी धरले. पण नुसतं 'मला वाटतंय' म्हणून एकाही पोराला हात लावला नाही. डमी आहे म्हणायचं तर हॉलतिकिटावरचा फोटो लागतो आणि समोर चेहरा लागतो."

डमी हा शब्द मी काढला नव्हता. मी पडदा त्यांच्याकडे वळवला.

"हा गुरुवारचा फोटो," मी म्हटलं. "हा आत्ताचा चेहरा."

त्यांनी खिशातून चष्मा काढला. दोन्ही चित्रं त्यांनी इतका वेळ आणि इतक्या बारकाईने बघितली की ते नऊ डमी कसे सापडले असतील याचा मला अंदाज आला.

"वेढा आहे खरा," ते शेवटी म्हणाले.

"असा वेढा बहुतेक जन्मापासून असतो. तो लसणाने सुटत नाही."

"मग तुमचं मशीन बिघडलंय."

"सर, तो माणूस कोण होता? त्याला कधीही झटका येऊ शकतो. आज येईल, उद्या येईल. त्याला माहीतही नाही."

मगदूम सरांनी चष्म्याची घडी केली. "समजा. नुसतं समजा हं. असा कुणी असलाच, तर तो या तालुक्यातला सगळ्यात ठणठणीत माणूस असणार. डमी कोणाला बसवतात, डॉक्टर? हुशारालाच बसवतात. ढ पोराला कोण डमी बसवील? आणि त्या माणसाला ऐंशी टक्के निघत असतील, तर मशीन खोटं. सरळ आहे."

"तुम्ही त्याला निदान सांगा तरी."

"कुणाला? असा माणूसच नाही म्हटलं ना." ते चपला शोधू लागले. "आणि असला तरी मी शब्द दिलेला असणार."

दुपारी मी डॉ. नेसरीकरांकडे गेले. ते दवाखान्याचे मुख्य डॉक्टर. बेळगावला पाठवण्याआधी खात्री करून घ्यावी म्हणून त्यांनीच सरांना माझ्याकडे परत पाठवलं होतं. त्यांनी दोन्ही रिपोर्ट वाचले आणि चहा मागवला. चहा मागवला म्हणजे ते समजूत घालणार हे मला एव्हाना कळायला लागलं होतं.

"वसुधा, होतं असं. एका दिवसात एक्केचाळीस माना. माझ्याही हातून झालंय."

"माझ्या हातून झालेलं नाही, सर. माणूस बदललाय."

"मुख्याध्यापक बदलला?"

"हो."

त्यांनी माझा चहा माझ्याकडे सरकवला. "तू दोन दिवस रजा का घेत नाहीस?"

संध्याकाळपर्यंत लसणाची बातमी दवाखान्याच्या फाटकाबाहेर गेली होती. ती मला रोझी सिस्टरने आणून दिली. रोझी सिस्टर आजऱ्याची. अर्ध्या गडहिंग्लजला तिने इंजेक्शन दिलेलं होतं, त्यामुळे ती माणसं पुढून आणि मागून दोन्हीकडून ओळखायची. नेमकी गुरुवारी ती बहिणीच्या लग्नाला आजऱ्याला गेली होती, आणि शिबिरात नावं पुकारायचं काम शिक्षक संघाच्या एका स्वयंसेवकाने केलं होतं. त्याने नुसतं नाव पुकारलं, आत कोण आलं ते ताडून बघितलं नाही.

"मॅडम, भाजी बाजारात लसूण संपला," ती म्हणाली. "ऐंशी टक्क्यांवर सात पाकळ्या. चाळीस टक्केवाले साडेतीन खायला लागलेत. कुंभारवाड्यात एका म्हाताऱ्यानं बीपीची गोळी बंद केली."

मग मात्र मी तिला सगळं सांगितलं. तिने बाकीचं काम बाजूला ठेवलं आणि स्टूल ओढून बसली.

"चेहरा कसा होता?"

"बघितला नाही."

"उंच की बुटका?"

"झोपलेले होते."

"केस तरी?"

"सिस्टर, मी मान बघत होते."

"बरं. मग मान सांगा. मी माणूस सांगते."

मी सांगायला लागले. धमनीला फाटे नेहमीपेक्षा जरा वर फुटतात, आतल्या फाट्यात मऊ थर, त्याच्यावर एक पूर्ण वेढा. तिने ऐकून घेतलं.

"हे बाहेरून दिसतं?"

"नाही."

"मॅडम, तुमचं लग्न ठरवायचं म्हणजे अवघड आहे. मुलगा बघायला आला तर तुम्ही त्याला आडवं व्हायला सांगणार." ती जराही हसली नाही. "आठवा काहीतरी. गळ्यात काही होतं?"

होतं. गळ्यात दोरा होता आणि दोऱ्याला चांदीची करंडी, लहान डबीसारखी. मी ती काढायला सांगितली, तेव्हा ते म्हणाले होते, ही निघत नसते बाई, सरकते. आणि स्वतःच सरकवली होती.

"लिंगायत," रोझी सिस्टर म्हणाली. "म्हणजे मगदूम सर नव्हते हे पक्कं. पण निम्मं गडहिंग्लज झालं ते. आणखी?"

आणखी काही नव्हतं. मी डोळे मिटले. अंधारी खोली, पडदा, मशीनचा आवाज. रक्ताचा वेग मोजताना मशीन आवाज करतं, प्रत्येक ठोक्याला शुक, शुक, शुक. त्या आवाजावर टेबल हलत होतं.

"ते पाय हलवत होते," मी म्हटलं. "मला दोनदा सांगावं लागलं."

"हलवत म्हणजे, खाजवत होते?"

"नाही. आवाजावर. डावा, उजवा, डावा, उजवा. आणि म्हणाले, ठेका बरोबर आहे तुमच्या मशीनचा. आणि झालं म्हटल्यावर उठले नाहीत. तसेच ताठ पडून राहिले. विश्राम म्हणा, म्हणाले."

रोझी सिस्टर स्टुलावरून उठली.

"मॅडम," ती म्हणाली, "तुम्हाला आणखी काय पाहिजे होतं? हॉलतिकीट? कडगावे सर की ओ ते. ड्रिलचे मास्तर."

शिवलिंग बसाप्पा कडगावे. मगदूम सरांच्याच शाळेत तीस वर्षं व्यायाम शिकवलेला माणूस. आता पासष्ट वर्षांचे. पहाटे दीडशे सूर्यनमस्कार, त्यावर म्हशीचं धारोष्ण दूध, आणि साडेसहाला शाळेच्या मैदानावर ज्येष्ठांची कवायत. शिबिराला त्यांनी नाव दिलं नव्हतं, कारण दवाखाना आजारी माणसांसाठी असतो. त्यांचं बीपी कधी मोजलं होतं, असं मी रोझी सिस्टरला विचारलं. "कोण मोजणार?" ती म्हणाली. "ते पट्टा बांधणाऱ्यालाच दंडाची बेडकी दाखवतात."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी मैदानावर गेलो, तेव्हा पावणेसात झाले होते. तीसेक बायका-पुरुष चार रांगांत उभे होते. पहिल्या रांगेत मगदूम सर आणि मालूताई. समोर पांढरी हाफपँट, पांढरे कॅनव्हासचे बूट, उजव्या हातात शिट्टी, अशी एक मान उभी होती. मला ती बाहेरून अजिबात ओळखू आली नाही.

मी जवळ गेले. मगदूम सरांनी मला बघितलं आणि एकदम समोरच्या लिंबाच्या झाडात रस घेतला.

"कडगावे सर, मी डॉक्टर हर्डीकर. गुरुवारी तुम्ही माझ्याकडे आला होतात."

"गुरुवारी मी हत्तरगीला होतो," कडगावे सर म्हणाले. उत्तर इतकं तयार होतं की ते गुरुवारच्या आधीच ठरलं असावं.

"एकच विचारते. कधी डोळ्यासमोर अंधारी येते? हातातून काही गळून पडतं?"

"बाई, तुम्ही पंधरा मिनिटं उशिरा आलाय."

"मी कवायतीला आलेली नाही."

"मैदानावर दोनच प्रकारची माणसं असतात. रांगेतली आणि रांगेबाहेरची. रांगेबाहेरच्यांशी मी बोलत नाही." त्यांनी शिट्टी वाजवली. "शेवटच्या रांगेत. सिस्टर, तुम्ही पण."

आम्ही शेवटच्या रांगेत जाऊन उभ्या राहिलो. दुसरं काय करणार? रोझी सिस्टरने पदर खोचला.

"एक," कडगावे सर म्हणाले. सगळ्यांनी हात पुढे केले. "दोन." सगळ्यांनी हात वर केले. मीही केले.

तीन आलं नाही.

तीसजण हात वर करून उभे होते. कडगावे सर समोर उभे, तोंड उघडं. अर्धं मिनिट गेलं. माझ्या शेजारच्या बाई कुजबुजल्या, "तुमच्यामुळं ओ. कुणी उशिरा आलं की सगळ्यांना असंच ठेवतात." पुढच्या रांगेतले एक आजोबा थरथरत होते, पण हात खाली घेत नव्हते. तीस वर्षांत कडगावे सरांच्या आकड्याआधी कुणी हात खाली घेतला नव्हता. त्यातले निम्मे त्यांच्याच शाळेतले शिक्षक होते आणि दोघंतिघं तर त्यांचे जुने विद्यार्थी.

मग शिट्टी त्यांच्या उजव्या हातातून खाली पडली. त्यांनी तिच्याकडे बघितलं. उचलायला हात गेला, तो बोटांशी येऊन थांबला. तोंडातून आवाज आला, पण तो आकडा नव्हता. कुठलाच शब्द नव्हता.

मी धावायला लागले. पण माझ्यापुढे तीन रांगा होत्या, आणि त्याआधी पहिल्या रांगेतून एकाने हात खाली घेतले. मगदूम सर चालत पुढे गेले, कडगाव्यांना दंडाला धरलं आणि सगळ्यांकडे तोंड करून मोठ्यांदा म्हणाले, "तीन. चार." तीस जोड्या हात खाली आले.

"डॉक्टर," ते म्हणाले, "हाच तो."

आम्ही कडगावे सरांना गवतावर आडवं केलं. त्यांच्या तोंडाची उजवी बाजू किंचित ओघळली होती. रोझी सिस्टर दवाखान्याची जीप आणायला पळाली. मगदूम सर जवळ उभे होते. कुणी विचारलं नव्हतं, तरी बोलत होते, आणि मैदानावर बोलायची सवय असल्यामुळे सगळ्यांना ऐकू जात होतं.

"मीच बसवला डमी. माझ्या जागी मीच. नाव पुकारल्यावर उठलो मी, आणि मागच्या दारानं ह्याला आत घातला. हा बाहेर आल्यावर ह्याच्या मानेवरचं ते चिकट पुसून माझ्या मानेला लावलं, मालूला दाखवायला. रिपोर्ट आला तेव्हा दोघं हसलो. हा म्हणाला, मगदूम, तुझ्या नुसत्या नावालाच ऐंशी टक्के आहेत." त्यांनी गवतावरची शिट्टी उचलली. "मागच्या आठवड्यात चहाची कपबशी ह्याच्या हातातून पडली. मी म्हटलं, मास्तर म्हातारा झाला. ते मी बघितलं होतं, डॉक्टर. काल तुम्ही विचारत होता तेव्हापण मला आठवत होतं."

"पण अहो, कशासाठी?" मालूताईंनी विचारलं.

मगदूम सरांनी रांगांकडे बघितलं. विडी ओढताना सापडलेल्या पोरांना त्यांनी अंगठे धरून उभं केलं होतं, ती त्यातली दोन पोरं, आता पंचावन्न वर्षांची, दुसऱ्या रांगेत होती.

"विडी ओढतो मी," ते म्हणाले. "मला वाटलं, मशीनमध्ये धूर दिसतो."

"विडीचं मला आपलं लग्न झालं तेव्हापासून माहीत आहे," मालूताई म्हणाल्या. "डमीचं नव्हतं."

जीप आली. कडगावे सरांना मागच्या बाकावर झोपवलं, त्यांच्या डोक्याशी मगदूम सर, पायाशी मी. बाजारपेठेच्या वळणावर कडगाव्यांचे ओठ हलायला लागले. दवाखान्याच्या फाटकाशी त्यांचा आवाज आला. मी घड्याळात बघितलं, शिट्टी पडून साडेआठ मिनिटं झाली होती; झटका लहान होता, ओसरला.

"तीन कुणी म्हटलं?"

"मी," मगदूम सर म्हणाले.

"ठेका चुकला तुझा."

मगदूम सरांनी खिडकीबाहेर बघितलं आणि रुमाल काढून ते चष्मा पुसायला लागले, पण चष्मा खिशातच होता. म्हणजे ते नुसता रुमालच चोळत होते.

दवाखान्यात पुन्हा धमनी बघणं भाग होतं, कारण बेळगावचे डॉक्टर मगदूम नावाच्या रिपोर्टवर कडगावे नावाचा माणूस घेणार नव्हते. मी पडदा लावला. वेढा जिथे होता तिथेच होता. ओळखीचं माणूस भेटावं तसं मला वाटलं, पण हे मी कुणाला बोलले नाही. मगदूम सर टेबलाच्या उशाशी हात मागे बांधून उभे राहिले होते. त्यांनी गुरुवारचं चित्र मागितलं, दोन्ही ताडून बघितली.

"जुळतंय," ते म्हणाले. "कडगावे, सही कर. स्वतःची."

डॉ. नेसरीकर दारात येऊन उभे होते. त्यांनी बेळगावला फोन लावला, गोळ्या सुरू केल्या, आणि मला म्हणाले, "रजेचं राहू दे."

ऑपरेशन शुक्रवारी बेळगावला ठरलं. सर्जन डॉ. कित्तूर. मी त्यांना विचारलं, मला थिएटरमध्ये उभं राहता येईल का. मला सापडलेली ही पहिली मोठी धमनी होती आणि ती आतून कशी दिसते हे मला बघायचं होतं. ते म्हणाले, या की, फक्त मध्ये बोलायचं नाही. मला ते सोपं होतं.

ह्या ऑपरेशनमध्ये तेव्हा ते मानेपुरतीच भूल देत. माणूस जागा राहतो, जरा गुंगीत असतो इतकंच. कारण धमनी उघडून आतला थर काढायचा, तर ती थोडा वेळ चिमट्याने बंद करावी लागते. तेवढ्या वेळात मेंदूला दुसऱ्या बाजूने पुरेसं रक्त मिळतंय की नाही, हे कळायला पेशंटशी बोलत राहायचं. तो नीट बोलतोय आणि उजवा हात हलवतोय तोवर ठीक. गडबडला, तर लगेच आत तात्पुरती नळी घालायची. त्यात धोका असतो, एखादा कण सुटू शकतो. म्हणून उगाच घालत नाहीत.

हात हलतोय हे कळावं म्हणून कडगावे सरांच्या उजव्या मुठीत डॉ. कित्तूरांनी एक रबरी बदक दिलं होतं. दाबलं की ते चिवकायचं. बाहेर बाकावर मगदूम सर आणि मालूताई बसले होते. दाराच्या काचेतून मगदूम सरांचं डोकं अधूनमधून वर येत होतं.

"चिमटा लावतोय," डॉ. कित्तूर म्हणाले. "बदक दाबा, सर."

चिव. चिव. चिव. चिव. चारच्या ठेक्यात.

"छान. दाबत राहा." त्यांनी धमनी उघडली. मी मान पुढे केली. थर पिवळा होता, आणि माझ्या अंदाजापेक्षा जरा खाली.

भूल देणाऱ्या डॉक्टर बाई पेशंटच्या कानाशी वाकल्या. "काका, नाव सांगा बघू."

"हिंदुराव बापू मगदूम," कडगावे सर म्हणाले.

डॉ. कित्तूरांचे हात थांबले. बाईंनी हातातल्या कागदाकडे बघितलं, मग मनगटाला बांधलेल्या पट्टीकडे.

"पुन्हा सांगा, काका. वय किती?"

"सहासष्ट. निवृत्त मुख्याध्यापक."

"कन्फ्यूज झाले," बाई म्हणाल्या.

"हात?"

चिव. चिव.

"हात चालतोय. पण स्वतःचं नाव चुकतंय, वय चुकतंय."

"नळी द्या," डॉ. कित्तूर म्हणाले.

नर्सने पाकीट फाडलं. मला मध्ये बोलायचं नव्हतं. मी आयुष्यात तोपर्यंत कुणाच्याच मध्ये बोलले नव्हते, वर्गात नाही, घरात नाही.

"थांबा," मी म्हटलं. "ते चुकत नाहीयेत. खोटं बोलतायत."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. समजावून सांगायला वेळ नव्हता. मी टेबलाच्या बाजूने उशाशी गेले आणि हिरव्या कापडाखाली वाकले. तिथे पहिल्यांदा मी कडगावे सरांचा चेहरा जवळून बघितला. डाव्या भुवईत एक जुनी खोक होती. डोळे अर्धवट मिटलेले, पण सावध; गुंगीत ते अजून शिबिराच्या गुरुवारीच होते.

"सर," मी म्हटलं, "आज आपण आपल्याच नावाने बसलोय."

त्यांनी विचार केला. "म्हणजे सगळ्यांना कळलंय?"

"हो. मगदूम सरांनीच मैदानावर सांगितलं."

"मला का नाही सांगितलं?"

"तुम्ही तेव्हा गवतावर होता."

"बरं." बदक एकदा वाजलं. मग खणखणीत आवाजात, हजेरी दिल्यासारखे ते म्हणाले, "शिवलिंग बसाप्पा कडगावे. वय पासष्ट. सेवानिवृत्त क्रीडाशिक्षक. आधी सांगायचं नाही का ओ, कुठल्या नावानं आहे ते."

नर्सने नळी ट्रेमध्ये परत ठेवली. डॉ. कित्तूर पुन्हा खाली वाकले. खोलीत बराच वेळ फक्त बदकाचा आवाज होता.

"मग हा मगदूम कोण?" शेवटचे टाके घालता घालता त्यांनी विचारलं.

"तो बाहेर बसलाय," कडगावे सर म्हणाले. "त्याला काही झालेलं नाही. कुणीतरी जाऊन सांगा त्याला तसं."